लंडनमधला इराणी: 'डिशूम' ग्राहकांच्या लक्षात का राहते, याचा एक प्रकरण अभ्यास

लंडनच्या कॉव्हेंट गार्डन भागात, अप्पर सेंट मार्टिन्स लेनवर, जुलै २०१० मध्ये 'डिशूम' नावाचे उपाहारगृह सुरू झाले. मुंबईच्या जुन्या इराणी हॉटेलांच्या वळणावर, पण सकाळच्या न्याहारीपासून रात्री उशिरापर्यंत चालणारे, असे त्याचे स्वरूप मालकांनी ठरवले होते. पुढच्या दहा-बारा वर्षांत लंडनमध्ये त्याच्या आणखी शाखा निघाल्या, एडिंबरा, मँचेस्टर आणि बर्मिंगहॅम येथेही निघाल्या, आणि दाराबाहेरची रांग ही या शाखांची ओळख होऊन बसली. ज्याने मुंबई कधी पाहिलेली नाही आणि इराण्याच्या हॉटेलात कधी पाऊल टाकलेले नाही, अशा ग्राहकाच्या मनात त्या हॉटेलाविषयी जिव्हाळा कसा निर्माण करण्यात आला, आणि तो निर्माण करताना मुंबईतले काय घेतले गेले व काय गाळले गेले, हा या अभ्यासाचा विषय आहे.

संस्थापकांपैकी शामिल ठकरार आणि कवी ठकरार हे एकाच कुटुंबातले, तर अमर आणि आदर्श रादिया हे दोघे भाऊ. रादिया बंधू पुढे २०१७ मध्ये बाहेर पडले. ठकरार घराणे तांदळाच्या व्यापारातले, ब्रिटनमध्ये घरोघरी पोहोचलेला 'टिल्डा' बासमती त्यांनीच उभा केला. म्हणजे यांपैकी कोणाच्याही घरात इराणी हॉटेलाचा वारसा नव्हता, आणि प्रकरणाच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे. वारसदाराला आपल्या हॉटेलात काय विशेष आहे हे सहसा सांगता येत नाही, कारण त्याच्यासाठी ते रोजचे असते. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र प्रत्येक वस्तूचे कारण शोधावे लागते.

त्या वेळच्या लंडनमध्ये भारतीय जेवणाची दोन ठळक रूपे होती. एक गल्लोगल्लीच्या 'करी हाउस'चे, जी बहुतांशी सिल्हेटहून आलेल्या बांगलादेशी कुटुंबांनी चालवलेली होती आणि जिथे रात्री उशिरा स्वस्तात पोटभर जेवता येत असे. दुसरे उंची भारतीय रेस्तराँचे, ज्यांपैकी 'टॅमरिंड' आणि 'झायका' यांना २००१ मध्येच मिशेलिनचा तारा, म्हणजे या क्षेत्रातला सर्वांत मानाचा दर्जा, मिळाला होता. दोन्ही ठिकाणी 'भारत' हा एक मोघम देश होता. भिंतीवरची चित्रे राजस्थानची, संगीत कुठलेही, मेन्यू पंजाबी वळणाचा, असे चालून जाई. डिशूमने पहिला नेमका निर्णय घेतला तो देश टाकून शहर निवडण्याचा, आणि दुसरा, त्या शहरातली एकच संस्था निवडण्याचा. ठिकाण जितके अरुंद निवडावे तितके ते खरे वाटते, हे पर्यटन आणि आतिथ्य व्यवसायात वारंवार दिसते. तरीही आपल्याकडचे बहुतेक मालक 'सगळ्यांना काहीतरी' देण्याच्या नादात नेमके उलट करतात.

निवडलेली संस्था मुळात कशी होती, हे थोडे पाहायला हवे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी इराणातल्या यझ्द, केरमान अशा भागांतून आलेल्या झरतुष्ट्री कुटुंबांनी मुंबईत चहाची दुकाने काढली. कोपऱ्याची जागा हिंदू दुकानदारांना अशुभ वाटे म्हणून ती इराण्यांना स्वस्तात मिळाली, असे सांगतात. कारण काहीही असो, कोपऱ्यामुळे दुकानाला दोन रस्ते, भरपूर उजेड आणि दोन दिशांनी येणारे गिऱ्हाईक मिळाले. संगमरवरी टेबले लवकर पुसली जात. वाफेवर वाकवलेल्या लाकडाच्या हलक्या युरोपीय खुर्च्या सहज हलवता येत. भिंतीवरच्या आरशांमुळे जागा मोठी भासे आणि गल्ल्यावर बसलेल्या मालकाची सगळीकडे नजरही राहत असे. बरण्यांतली बिस्किटे आणि खारी ही सजावट नव्हती, तो विक्रीचा माल होता. धोबीतलावजवळचे कयानी १९०४ चे, ग्रँट रोडचे बी. मेरवान १९१४ चे, बॅलार्ड इस्टेटमधले ब्रिटानिया १९२३ चे, पुण्याचे गुडलक १९३५ चे. यांपैकी कुठल्याही हॉटेलाचे 'डिझाइन' कोणी बसून केले नव्हते. प्रत्येक वस्तू कुठल्या तरी सोयीतून किंवा काटकसरीतून आली होती, आणि म्हणूनच त्या सर्वांचा मेळ जमला होता.

या जागेचा खरा विशेष मात्र फर्निचरमध्ये नव्हता. एका कपावर तासभर बसू देणारी, टॅक्सीवाला, वकील, विद्यार्थी आणि खोलीवर एकटा राहणारा नोकरदार या सर्वांना शेजारी शेजारी बसवणारी, बायकामुलांसाठी आत वेगळी 'फॅमिली रूम' ठेवणारी ही जागा होती. वर्तमानपत्राची पाने सुटी होऊन टेबलांवरून फिरत. जातीनिहाय पंगतींची सवय असलेल्या शहरात हे लहानसे काम नव्हते. डिशूमच्या मालकांनी याच गोष्टीवर बोट ठेवले आणि एकेकाळी चारशेच्या घरात असलेली ही हॉटेले आता तिसाच्या आत आली आहेत, हे आपल्या ब्रँडच्या निवेदनातले पहिले वाक्य केले. नाहीशी होत चाललेली वस्तू जपण्याचा भाव ग्राहकाच्या मनात निर्माण झाला की तो नुसता जेवायला आलेला राहत नाही. व्यापारी दृष्टीने ही खेळी अतिशय हुशारीची आहे; तिच्यात तथ्य आहे म्हणूनच ती चालली, हेही मान्य करायला हवे.

कथा आधी, नकाशा नंतर

पहिल्या उपाहारगृहाची अंतर्गत रचना अफ्रोडिटी क्रासा यांची होती. पुढच्या शाखांचे काम मॅकॉले सिंक्लेअर या वास्तुसंस्थेकडे गेले, आणि या टप्प्यावर कामाची एक पद्धत रुजली, जी या प्रकरणाचा गाभा आहे. नवी शाखा ठरली की आधी तिची कथा लिहायची, आणि मग त्या कथेतून जागा काढायची. कथेला एक साल असते, मुंबईतला एक पत्ता असतो, आणि एक काल्पनिक मालक असतो. किंग्ज क्रॉसच्या शाखेची कथा १९२८ सालची, व्हिक्टोरिया टर्मिनसमागच्या एका गोदामात हॉटेल थाटणाऱ्या इराण्याची आणि त्याच्या भोवती पेटत चाललेल्या स्वातंत्र्य चळवळीची आहे. ज्या इमारतीत ही शाखा आहे तीही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातली, रेल्वेचा माल उतरवण्याचीच जागा होती. कथा इमारतीवर लादलेली नाही, इमारतीने ती सुचवलेली आहे. विटांच्या भिंती, लोखंडी खांब, उंच छत यांची मुंबईच्या गोदीशी आणि गोदामांशी असलेली नाळ खरीच आहे, कारण दोन्ही एकाच साम्राज्याच्या व्यापारासाठी बांधली गेली.

केन्सिंग्टनची शाखा हे या पद्धतीचे सर्वांत धीट उदाहरण आहे. बार्कर्स या जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या आर्ट डेको (दोन महायुद्धांच्या मधल्या काळातली भौमितिक वळणाची वास्तुशैली) इमारतीत ती २०१७ च्या अखेरीस निघाली. मुंबईलाही इरॉस, रीगल, मेट्रो, लिबर्टी यांसारख्या चित्रपटगृहांचा आणि मरीन ड्राइव्हच्या इमारतींचा मोठा आर्ट डेको वारसा आहे. २०१८ मध्ये युनेस्कोने त्यातला काही भाग जागतिक वारसा यादीत घेतला. हा दुवा धरून कथा रचली गेली ती सायरस इराणी नावाच्या, तुरुंगातून नुकत्याच सुटलेल्या एका चलाख माणसाची, जो १९४९ मध्ये एका जुन्या चित्रपटगृहात 'बॉम्बे रॉक्सी' हे जॅझचे ठिकाण उघडतो. उद्घाटनाच्या सुमारास त्याच जागेत या कथेवर नाटक करण्यात आले, ज्यात प्रेक्षक हेच रॉक्सीचे गिऱ्हाईक होते, त्यांच्या टेबलांभोवती प्रसंग घडत होते आणि जेवण त्याच ओघात येत होते. नाटक काही आठवड्यांत संपले, पण जागेत कोण राहत होते हे कर्मचाऱ्यांना आणि पहिल्या ग्राहकांना त्यातून कळून चुकले. मुंबईचे जॅझ ही कपोलकल्पित गोष्ट नव्हे. ताजमहाल हॉटेलात आणि शहरातल्या इतर नाचघरांत गोव्याचे वादक त्या काळात वाजवत असत. अल्दोनाचे आंतोनियु शाविएर वाझ, म्हणजेच 'चिक चॉकलेट', हे त्यांतले सर्वांत गाजलेले नाव.

कथा आधी लिहिण्याचा फायदा प्रत्यक्ष कामात कसा होतो, हे इथे नीट दिसते. सामान्यतः डिझाइनर, मालक, ठेकेदार आणि शेफ यांच्यात वाद होतात ते आवडीनिवडीचे असतात: ही फरशी की ती, पितळ की स्टील, दिवा पिवळा की पांढरा. अशा वादात शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचे चालते आणि जागा ठिगळांची होते. सायरस इराणी हा माणूस एकदा ठरला की प्रश्न बदलतो. १९४९ मध्ये, उधळ्या स्वभावाच्या पण उधारीवर जगणाऱ्या माणसाने ही फरशी घातली असती का, एवढेच विचारायचे उरते. ग्राहकाला कथेची एक ओळही ठाऊक नसली तरी बिघडत नाही. सगळे निर्णय एकाच माणसाने घेतल्यासारखे वाटतात आणि तेवढ्याने जागेला स्वभाव येतो.

एडिंबराची शाखा या पद्धतीची आणखी एक बाजू दाखवते. तिथे कथेचा दुवा पॅट्रिक गेडिस यांच्याशी जोडला आहे. एडिंबराच्या जुन्या वस्तीच्या पुनरुज्जीवनासाठी झटलेले हे नगररचनाकार १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. (त्यांच्यानंतर तो विभाग ज्यांनी वाढवला ते समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये, मराठी वाचकाला गेडिस ठाऊक असतात ते बहुधा घुर्यांमुळे.) स्कॉटलंडच्या ग्राहकाला मुंबईचे काहीही देणे घेणे नसले तरी गेडिस त्याच्या गावचा माणूस आहे. नव्या शहरात जाताना ब्रँडने आपलेच घोडे पुढे न दामटता त्या शहराचा आपल्याशी असलेला जुना संबंध शोधून काढावा, ही गोष्ट साखळी उपाहारगृहांच्या जगात विरळाच आढळते.

वस्तू आणि कृती

मुंबईतून गोळा केलेले जुने फर्निचर, संगमरवरी टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवर करड्या रंगाची कौटुंबिक छायाचित्रे, संथ फिरणारे पंखे हे सर्व डिशूममध्ये आहे, आणि त्याची नक्कल करणे सर्वांत सोपे आहे. भारतातही गेल्या काही वर्षांत 'इराणी' म्हणवणारी जी नवी ठिकाणे निघाली, त्यांपैकी कित्येकांनी एवढेच उचलले. यापेक्षा अधिक लक्षात राहणारी एक गोष्ट डिशूमने केली: मुंबईकरांनी सांगितलेल्या इराणी हॉटेलांच्या आठवणी ताटल्यांवर छापल्या. जेवण संपत येते तसतशी कुणाची तरी आठवण ताटलीवर उघडी पडत जाते. कल्पना साधी आहे, पण ती भिंतीवरच्या फलकापेक्षा कितीतरी प्रभावी आहे, कारण फलक वाचण्याचे कष्ट ग्राहक घेत नाही, ताटलीकडे मात्र त्याला पाहावेच लागते.

ग्राहक घरी जाऊन सांगतो ते बहुधा आपल्याला काय करायला मिळाले ते. रांगेत उभे असताना हातात गरम चहाचा पेला येतो. सायंकाळी लहान गटांसाठी आरक्षण न ठेवण्याच्या धोरणामुळे ही रांग निर्माण झाली. म्हणजे गैरसोय मालकांचीच निर्मिती होती आणि चहा हा तिच्यावरचा उतारा. तरीही परिणाम असा झाला की वाट पाहण्याचा वेळ हाच पाहुणचाराचा पहिला अंक ठरला. न्याहारीला बेकन घातलेला नान रोल, चोवीस तास शिजवलेली काळी डाळ, बन मस्का, खिमा पाव, वडा पाव हे पदार्थ अशा रीतीने मांडले की नव्या माणसाला पहिला घास ओळखीचा आणि दुसरा अनोळखी लागावा. बेकनचा नान कुठल्याही इराण्याने कधी विकला नाही. परंतु लंडनकराच्या सकाळच्या बेकन सँडविचची जागा त्याने घेतली आणि भारतीय उपाहारगृहात न्याहारीला जाण्याची सवय लावली, जी त्याआधी त्या शहरात जवळजवळ नव्हती.

याच कृतींमध्ये 'मटका' येतो. नेहमीच्या ग्राहकांना धातूचे एक छोटे नाणे दिले जाते. ते दाखवले की बिलाच्या वेळी पितळी फासा टाकता येतो, आणि सहा पडले तर जेवण फुकट. सवलतीच्या कार्डापेक्षा हे शंभर पटींनी सरस आहे. दहा टक्के सूट कोणी कोणाला सांगत नाही, पण पडलेला सहा माणूस वर्षभर सांगत राहतो, आणि न पडलेलाही सांगतो. पेयांच्या विभागाचे नाव 'परमिट रूम' ठेवले आहे, त्यामागे १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याची हकिगत आहे: त्या कायद्याखाली परवाना असलेल्यालाच दारू पिता येई.

गाळणी

मराठी वाचकाला इथे थोडे अडखळायला होते, आणि माझ्या मते ते योग्यच आहे. 'परमिट रूम' ही पाटी आपल्याकडे हमरस्त्यावरच्या कोणत्याही बिअर बारवर असते आणि तिच्यात कसलेही स्वप्नाळूपण नाही. मटका हा तर न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावांवर लागणाऱ्या पैजांतून निघालेला आणि पुढे कल्याणजी भगत व रतन खत्री यांच्या नावांनी ओळखला गेलेला जुगार. गिरणगावातल्या चाळींमध्ये पगाराच्या दिवशी त्याने काय केले, हे तिथल्या बायकांना विचारावे. लंडनच्या टेबलावर पितळी फाशाच्या रूपात तो येतो तेव्हा त्याची नांगी काढलेली असते. जॅझ, गोदाम, आर्ट डेको चित्रपटगृह, फ्रीमेसन या जुन्या बंधुसंघाच्या मंडळींचा दिवाणखाना (मँचेस्टरची शाखा त्यांच्याच जुन्या सभागृहात आहे) या निवडींतून जी मुंबई उभी राहते ती मुख्यतः फोर्ट आणि धोबीतलावची, इंग्रजी बोलणारी मुंबई आहे. परळ-लालबागची मुंबई तिथे वडा पावाच्या रूपाने ताटलीत येते, कथेत तिला फारसे स्थान नाही.

याबद्दल मालकांना दोष द्यावा का? पूर्णपणे नाही. उपाहारगृह म्हणजे इतिहासाचे संग्रहालय नव्हे. पाहुण्याला सुखावणे हा त्याचा धर्म आहे, आणि निवड केल्याशिवाय कथा होत नाही. पण एखाद्या ठिकाणाच्या आठवणीवर ब्रँड उभा करणाऱ्याने आपण काय गाळले याची नोंद स्वतःपुरती तरी ठेवली पाहिजे, कारण पुढचे डझनभर अनुकरण करणारे ती गाळलेली आवृत्तीच मूळ समजून चालतात.

डिशूम निव्वळ देखावा होण्यापासून वाचले ते आणखी दोन गोष्टींमुळे. दिल्लीच्या 'बुखारा' या उपाहारगृहात काम केलेले नावेद नासिर आरंभापासून कित्येक वर्षे स्वयंपाकघराचे प्रमुख होते, त्यामुळे शाखा वाढल्या तरी डाळीची चव शाखेगणिक बदलली नाही. दुसरे म्हणजे, पाच वर्षे नोकरी झालेल्या कर्मचाऱ्यांना कंपनी मुंबईला घेऊन जाते आणि ती हॉटेले दाखवते. वाढप करणारा मुलगा पोलंडचा असो की बंगालचा, आपण कशाची नक्कल करत आहोत हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. २०१५ पासून प्रत्येक जेवणामागे एका मुलाला जेवण देण्याची योजनाही चालते, भारतात 'अक्षय पात्र' आणि ब्रिटनमध्ये 'मॅजिक ब्रेकफास्ट' या संस्थांमार्फत. चारशे हॉटेलांच्या त्या उदार मोकळेपणाशी तिचा मेळ बसतो, म्हणून ती जाहिरातीचे ठिगळ वाटत नाही.

परळमध्ये काय करता येईल

किंग्ज क्रॉसच्या मालगोदामाशी तुलना करता येईल अशी जागा मुंबईत लोअर परळला आहे. गिरण्यांच्या आवारांमध्ये गेली वीस वर्षे उंची उपाहारगृहे चालतात. जुन्या विटा, छताच्या लोखंडी कैच्या, धुराड्याचा आकार यांचा सजावटीसाठी वापर होतो आणि कथा मात्र न्यूयॉर्कच्या किंवा टोकियोच्या बारची सांगितली जाते. ज्या आतिथ्याने तो सारा परिसर पोसला ते म्हणजे खानावळी. घाटावरून आणि कोकणातून एकटे आलेले गिरणी कामगार महिन्याच्या पैशांवर चाळीतल्या बायकांच्या हातचे जेवत, पाळीप्रमाणे वेळा ठरत, आणि संपाच्या काळात याच बायकांनी उधारीवर ताटे वाढली. त्यांना कर्ज मिळावे म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले.

डिशूमची पद्धत इथे लावायची झाली तर पहिला निर्णय सालाचा असेल. १९६५ निवडले तर गिरण्या भरात आहेत, तीन पाळ्या चालू आहेत, आणि ताट, लांब बाक, खडूने लिहिलेली महिन्याची पाटी, भोंग्यानुसार बदलणारा मेन्यू हे सर्व सहज सुचते. १९८२ निवडले, म्हणजे १८ जानेवारीला सुरू झालेल्या संपाचे साल, तर हिशेबाच्या वहीत उधारीची पाने भरत जातात आणि पाहुण्याला कसे सुखवायचे हा प्रश्न अवघड होतो. तो अवघड प्रश्न टाळून पहिलेच साल निवडले जाईल, असा माझा अंदाज आहे. १९८२ निवडणाऱ्या मालकाला निदान त्या उधारीच्या वहीचे काय करायचे हे ठरवावे लागेल: ती भिंतीवर टांगायची, की महिनाभर आगाऊ जेवण भरून ठेवणाऱ्या ग्राहकाच्या खात्याला तिचे रूप द्यायचे, की तिच्यातून परिसरातल्या आजच्या खानावळवाल्या बायकांच्या स्वयंपाकघरांशी खरेदीचा करार करायचा. मला यातला तिसरा मार्ग सर्वांत टिकाऊ वाटतो, कारण त्यात पाटीवरचे नाव आणि ताटातली भाजी एकाच घरून येतात.